महिरपी कंसातले पाणी

माझ्या बहिणीच्या शेतात पाणी का पोहोचत नव्हते, हे त्या जिल्ह्यात मला सर्वांत नीट कळलेले होते. मी तिला ते आकृती काढून समजावले असते, तरी पाणी जिथल्या तिथेच राहिले असते. त्या वर्षी कारण माझ्याजवळ होते आणि उपाय कुणाजवळही नव्हता.

गोंदियाला स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझी खोली होती. तिला दुकान म्हणायचे ते तिच्यावर पाटी होती म्हणून. राइस मिलच्या यंत्रांतले जळलेले बोर्ड दुरुस्त करायचे, हा धंदा. गिऱ्हाइके हिंदीत बोलत, यंत्रांची माहितीपत्रके चिनीत असत, आणि मी दोन्हींच्या मध्ये मराठीत विचार करत बसे. २०१२च्या सुमारास नागपूरच्या एका ठेकेदाराने मला वेगळेच काम दिले. गावतलावाच्या पाण्याला लोखंडी दार बसवायचे, दाराला मोटर, मोटरीला एक छोटा बोर्ड. जिल्ह्याच्या कार्यालयातून संगणकाने हुकूम सोडायचा, तो मोबाइलच्या जाळ्यातून बोर्डापर्यंत जाणार आणि दार उघडणार. बोर्डाला हुकूम वाचायला शिकवण्याचे काम माझे.

एकच तलाव प्रयोगासाठी निवडला होता. तो अर्जुनी मोरगाव तालुक्यातला, बाईच्या गावचा निघाला. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या सासरच्यांची जमीन पाटाच्या अगदी शेपटाला होती. सगळ्यांच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, भिजल्यावर पाणी तिच्याकडे येई. त्या शेवटच्या बांध्यांत ती चिन्नोर लावायची. हा सुवासिक, बारीक तांदूळ. पण पिकायला वेळ घेतो. गावाने केव्हाच लवकर येणारे धान धरले होते. बाईने चिन्नोर सोडला नाही, कारण ते बियाणे आमच्या आईचे होते. लग्नात आईने तिच्यासोबत भांडी दिली आणि एक पोते बियाणे दिले. भांडी कधीच मोडीत गेली. बियाणे ती दरवर्षी पेरायची, त्यातलेच पुन्हा पुढच्या वर्षासाठी ठेवायची, आणि हंगाम झाला की नव्या तांदळाची एक पिशवी मला गोंदियाला पाठवायची. आई गेल्यानंतर तिची माझ्याकडे पोहोचणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

उशिरा पिकणाऱ्या धानाला पावसाळा संपल्यावर, दाणा भरायच्या वेळेला, तलावाचे पाणी लागते. त्या भागातले तलाव याच कामासाठी बांधलेले. पाळीतून, म्हणजे तलावाच्या बांधातून, पाणी सोडायच्या दगडी वाटेला तिकडे तुडुम म्हणतात. तुडुम उघडायला दोन माणसे आणि थोड्या शिव्या पुरत. नवे दार बसवताना ठेकेदाराने जुने तुडुम सिमेंटने बुजवून टाकले. आधुनिक गोष्टीशेजारी जुनी वापरात राहिली तर आधुनिकतेला कमीपणा येतो.

आता त्या बोर्डाबद्दल थोडे सांगावे लागेल. त्यावरची चिप नखाएवढी. तिची सगळी स्मृती दोनेक हजार इंग्रजी अक्षरांची, त्यातली बहुतेक तिच्या स्वतःच्या उठबशीत खर्च होणारी. आलेला हुकूम धरून ठेवायला मी तिला चारशे अक्षरांची जागा काढून दिली होती, आणि ती मला चैन वाटली होती. हुकूम साधा असे. एक महिरपी कंस उघडायचा, त्यात दाराचे नाव, पुढे दोन टिंबे, पुढे किती उघडायचे तो आकडा, आणि कंस बंद. मी तिला शिकवले की बंद करणारा कंस दिसल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. तिकडे मोबाइलचे जाळे मधेच तुटायचे; दहा टक्के उघड म्हणताना शून्य गळून एक राहिले किंवा बंद करायचा हुकूम अर्धाच आला, तर काय अनर्थ होईल सांगता येत नव्हते. म्हणून अपुरा हुकूम आला तर टाकून द्यायचा आणि दार जसे आहे तसे ठेवायचे. अर्धवट ऐकून कामाला लागणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती. यंत्राला तरी ती खोड नको होती. तो नियम बरोबर होता आणि आज पुन्हा बसलो तरी तोच घालीन.

उन्हाळ्यात चाचणी झाली. दार उघडले, मिटले, तळाशी उरलेले पाणी जरासे वाहिले. तलाव भरल्यावर उद्घाटन ठरले.

पाळीवर मांडव आला, खुर्च्या आल्या, त्यांच्यावर पांढरे अभ्रे आले. बोर्डाच्या पेटीला हार घालायचा होता. पेटी फार बुटकी दिसते म्हणून तो अँटेनाला घातला, आणि भाषणे संपेपर्यंत बोर्डाला जाळे सापडेना. मी मागून जाऊन हार अर्धा फूट खाली सरकवला. त्या योजनेसाठी तांत्रिक दृष्ट्या एवढेच एक काम मला मोकळेपणाने करता आले.

जिल्ह्याच्या कार्यालयात ही योजना ज्यांच्याकडे होती ते साहेब मांडवातच होते. माणूस वाईट नव्हता. पश्चिमेकडून बदलून आलेला, स्वच्छ, वेळेवर येणारा, फायलींवर प्रेम करणारा. एका बाजूला पडदा लावून त्यांनी पाहुण्यांना हुकूम जाताना दाखवला. पडद्यावर कंस उमटला, आत एक नाव, एक आकडा, आणि खाली पाणी सुटले. टाळ्या पडल्या. साहेबांचे तोंड मात्र उतरले.

चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतले. "अहो, हे एवढंच जातं?"

"एवढंच लागतं, साहेब."

"पण हा शासकीय आदेश आहे. कोण देतंय, कोणत्या योजनेखाली, कोणाच्या मार्गदर्शनाखाली, काहीच नाही. 'दार उघड'! शेजारणीला सांगितल्यासारखं वाटतं."

"वाचणारी चिप आहे, साहेब. तिला योजना कळत नाही."

"वाचणारा कोण आहे यावर आदेशाची भाषा ठरत नसते," ते म्हणाले, आणि खरे सांगायचे तर मला त्या वाक्याचे मनातल्या मनात कौतुक वाटले. त्या एका वाक्यावर किती कार्यालये उभी असतील!

बोर्डाकडून जाणाऱ्या उत्तराबद्दलही त्यांची सूचना होती. पाण्याची पातळी सांगण्याआधी त्याने 'महोदय' म्हणावे. ते मी त्याच संध्याकाळी करून दिले. चिपला महोदय म्हणणे जड गेले नाही. ठरलेला शब्द ती तिच्या कायमच्या स्मृतीतून उचलून पुढे ढकलू शकते, समजून घ्यावा लागत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे तसेच असते. समोरचा काय म्हणाला हे वाचणे मात्र निराळे काम. त्याला जागा लागते.

त्यानंतर माझे काम स्वीकारले गेले. निविदेतल्या अटीप्रमाणे चिपचा कार्यक्रम कुलूपबंद झाला आणि पेटीला शिशाचे सील लागले. बाहेर फक्त एक छोटे छिद्र राहिले. त्यातून तार जोडून आत काय चालले आहे ते पाहता येई. बदलता काही येत नसे.

ऑक्टोबरात पाऊस थांबला. चिन्नोर पोटरीतून बाहेर येत होता. पाणीवाटप समितीने पाणी मागितले, कार्यालयातून हुकूम सुटला, आणि दार हलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईचा फोन आला.

"काऊन रे बाबू, तुह्या दाराले का झालं? तलाव भरून सलंगेवरून पाणी जाऊन राहिलं अन् माह्या बांधीत भेगा पडून राहिल्या."

सलंग म्हणजे तलावाचा सांडवा. म्हणजे पाणी जास्त झाले म्हणून एका बाजूने वाहून जात होते आणि दुसऱ्या बाजूला जमीन तडकत होती. मी पहिली गाडी पकडून गेलो.

पाळीवर बसून तार जोडली, मांडीवर लॅपटॉप घेतला. सकाळच्या ठरलेल्या वेळी बोर्डाने कार्यालयाला विचारले, आणि उत्तर येऊ लागले. महिरपी कंस. मग योजनेचे संपूर्ण नाव, मराठीत. मग 'सन्माननीय' पासून सुरू होणारी एक ओळ. मग साहेबांचे पदनाम, त्याला जोडून अतिरिक्त पदनाम, मग त्यांचे नाव, नावाआधी पदवी. देवनागरीतले प्रत्येक अक्षर चिपकडे तीन जागा घेते. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकाच्या आणखी तीन. माझ्या चारशे जागा पदनामाच्या मध्यावरच संपल्या. हुकूम 'अतिरिक्त कार्यभा' इथवर आला आणि बोर्डाने, मी शिकवल्याप्रमाणे, अपुरा मजकूर शांतपणे टाकून दिला. दार आणि आकडा सर्वांत शेवटी होते. त्यांच्यापर्यंत तो कधी पोहोचलाच नाही.

समितीचे अध्यक्ष माझ्या खांद्यावरून पाहत होते. वयस्क माणूस, त्यांच्या पणजोबांनी तो तलाव खोदवला होता, असे गावात सांगत. "दिसून राहिलं ना तुम्हाले? मग करा ना दुरुस्त."

"दिसतं, पण हात घालता येत नाही. सील आहे."

"तं तोड ना ते सील!" बाई म्हणाली. ती शेतातून तशीच आली होती, पदर खोचलेला. "मले दे, मी तोडतो."

अध्यक्षांनी हात आडवा केला. "हात नोको लावजो, बाई. करारात सही हाये आपली. सील तुटलं तं तलाव समितीच्या हातून जाते. मासळी गेली, पाणी गेलं, सारंच गेलं. एका सालच्या धानासाठी तलाव घालवता येत नाई."

"तुमचं धान तं घरी आलं," बाई म्हणाली.

"आलं म्हणूनच सांगून राहिलो. डोकं थंड हाये माहं."

त्यात खोटे काही नव्हते. गावातले लवकरचे धान कापणीला आले होते, काहींचे घरीही पोहोचले होते. वरच्या बांध्यांत ज्यांचे थोडे बाकी होते त्यांनी तलावात इंजिन लावून पाणी ओढले. शेपटापर्यंत इंजिनाचे पाणी जात नाही; वाटेतल्या कोरड्या जमिनी ते पिऊन टाकतात. अध्यक्ष मला दुष्ट वाटले नाहीत, हेच अवघड होते. त्या सगळ्या प्रकरणात मला एकही दुष्ट माणूस सापडला नाही.

संगणकाचे काम पुण्याची एक कंपनी पाहत होती. फोनवर एक मुलगी असायची, आवाजात कायम हसू.

"सर, आमच्याकडे तर सक्सेस दिसतंय. मेसेज डिलिव्हर्ड आहे."

"पोहोचतोय, मॅडम. वाचला जात नाही. फार लांब आहे."

"लांब? सर, एक केबीसुद्धा नाहीये!" ती खरोखर चकित झाली. तिच्या टेबलावरच्या यंत्रात तसले लाखो हुकूम मावले असते. महालात राहणाऱ्याला खोलीत खाट आडवी का घालता येत नाही हे कसे समजावणार?

"वरची नावं काढून एकदाच पाठवता येईल का?"

"ते हेडर आहे, सर. सगळ्या मेसेजेसना आपोआप लागतं. काढायचं तर अप्रूव्हल लागेल."

"कुणाचं?"

"ज्यांचं नाव आहे त्यांचं."

"निदान 'सन्माननीय' काढा. नुसतं 'मा.' ठेवा."

ती मोठ्याने हसली. "सर, तुम्ही पण ना!" मी विनोद करत नव्हतो. मोजून पाहिले होते. 'सन्माननीय' आणि पदवी काढली, अतिरिक्त पदनाम गाळले, तर सगळा हुकूम जेमतेम मावत होता.

साहेब प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होते. फोन उचलला त्यांनी, सगळे ऐकूनही घेतले. "तुमची अडचण मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण मसुदा वरून मंजूर झालाय. तुमचं यंत्र आदेश वाचू शकत नसेल, तर त्रुटी यंत्रात आहे की आदेशात? लेखी द्या. आल्यावर बघतो."

मी लेखी दिले. नागपूरच्या ठेकेदारालाही लिहिले की चिपला नवा कार्यक्रम घालू द्या. तो म्हणाला, "भाईसाहब, एक्सेप्टन्स हो चुका है. अब उसको छुआ तो फिरसे टेस्टिंग, फिरसे कमिटी. अगले साल देखते हैं."

दरम्यान मी खोलीत बसून तो नवा कार्यक्रम लिहूनही टाकला. अवघड नव्हता. संपूर्ण हुकूम धरून ठेवायची गरजच नाही; अक्षर आले की पाहायचे, कामाचे नसेल तर सोडून द्यायचे, पुढचे घ्यायचे. दाराचे नाव येईपर्यंत सारे मानसन्मान एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायचे. टेबलावरच्या तसल्याच दुसऱ्या बोर्डावर तो सुंदर चालला. कितीही लांब पदनाम पाठवा, तो निवांतपणे गिळे आणि शेवटी दिवा लावी. तिकडे पाळीवर मात्र रोज सकाळी त्याचा कुलूपबंद भाऊ तोच हुकूम पदनामापर्यंत ऐके आणि टाकून देई. मग पातळी कळवताना पहिल्यांदा म्हणे, महोदय.

बाईचे फोन कमी झाले. एकदा मीच केला.

"का चालू हाये?" मी विचारले. तिच्याशी बोलताना मी तिच्यासारखाच बोलतो.

"का चालू राहीन? तुह्या भाऊजीनं न् मी गुंडीनं पाणी टाकून पायलं एका बांधीत. लोक हासून राहिले होते. तलाव भरला अन् हे गुंडीनं पाणी टाकून राहिले." गुंडी म्हणजे तिकडची घागर. मग ती म्हणाली, "निम्मा भरला दाणा. निम्मा पोचा हाये. पण बियाण्यापुरता निघंल रे. तेवढं पुरे."

बियाण्यापुरता निघेल, या शब्दांवर मी पुढचे काही दिवस काढले.

नोव्हेंबरात तिने चिन्नोर कापला. कापलेले धान बांधीतच पसरून काही दिवस वाळू द्यायचे, मग भारे बांधून खळ्यावर न्यायचे, अशी तिकडची रीत. त्या पसरलेल्या धानाला कडपा म्हणतात. गावातल्या बाकीच्या बांध्या रिकाम्या झाल्या होत्या. शेपटाला तेवढा बाईचा कडपा पडलेला होता.

त्याच आठवड्यात साहेबांची बदली झाली. नाव गाळायला ज्यांची मंजुरी लागत होती ते स्वतःच गेल्यावर नाव गाळायला कुणाची मंजुरी लागली नाही. पुण्याच्या संगणकाने त्यांचे नाव, पदवी, पदनाम, अतिरिक्त पदनाम सारे आपोआप कोरे केले. आणि ऑक्टोबरातला तो पहिला हुकूम, जो पार पडल्याची पोच कधीच आली नव्हती म्हणून संगणकाने जपून ठेवला होता आणि रोज सकाळी नेमाने पाठवत होता, तो त्या सकाळी पहिल्यांदा चारशे अक्षरांत मावला. बंद करणारा कंस आला. बोर्डाने त्यावर विश्वास ठेवला. दार पूर्ण उघडले.

"बाबू," बाई फोनवर म्हणाली. ओरडली नाही. "तुहं दार उघडलं."

मी निघालो तेव्हा अध्यक्षांनी कार्यालयाला फोन केलेला होता. तिथे ताबा एका प्रभारी साहेबांकडे होता. त्यांनी लगेच दार बंद करण्याचा हुकूम सोडायला सांगितला. फार तत्परतेने केले त्यांनी. पुण्याहून माणसांनी हाताने बोर्डाला जागेही केले. फक्त प्रभारी अधिकाऱ्याचे पदनाम मूळच्यापेक्षा लांब असते. त्यात मूळ पद, त्याचा कार्यभार आणि स्वतःचे पद, तिन्ही येतात. बंद करायचा हुकूम पाळीपर्यंत पोहोचला आणि कंसाआधीच संपला.

मी पोहोचलो तेव्हा माणसे दाराच्या तोंडात रेतीची पोती आणि तणसाच्या पेंढ्या कोंबत होती. सील अजून शाबूत होते. अध्यक्ष स्वतः पाण्यात उतरून पोती लावत होते, पण पेटीपासून सगळ्यांना दोन हात लांब ठेवून. पाणी हळूहळू आटोक्यात आले. तोपर्यंत जे सुटले होते ते, गावातल्या सगळ्या रिकाम्या बांध्या ओलांडून, कुठेच काम नसल्यामुळे थेट शेपटाला गेले होते.

बाई आणि भाऊजी पोटरीभर पाण्यात उभे राहून कडपा उचलून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टाकत होते. मीही पँट वर करून उतरलो. ओल्या धानाचे वजन हाताला वेगळेच लागते. एकदा बाई सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवून त्या पसरलेल्या पाण्याकडे पाहून म्हणाली, "किती पाणी हाये रे आपल्या तलावात." मग पुन्हा वाकली.

काही कडपा तिथेच उगवला. हिरवे कोंब, टाचणीएवढे. बाकीचा तिने अंगणात, ओसरीवर, डांबरी रस्त्याच्या कडेला टाकून वाळवला. पण भिजून वाळलेले धान पुन्हा उगवेल याची खात्री नसते. तिने मूठभर घेऊन ओल्या पोत्यात बांधून पाहिले. थोडे उगवले, बरेच नाही. पुढच्या वर्षी तिने गावासारखेच लवकरचे धान लावले.

तलावावरचा बोर्ड मी शेवटी दुरुस्त केला का, असे मला विचारतात. नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत योजनेचा कालावधी संपला. बरेच दिवस पेटी तशीच पाळीवर होती, सूर्याच्या उजेडावर चालत, रोज सकाळी कुणाला तरी महोदय म्हणत.

त्या हंगामाची तांदळाची पिशवी बाईने एसटीच्या कंडक्टरकडे दिली. मी स्टँडवरून घेतली तेव्हा हात खाली गेला. दरवर्षीपेक्षा दुप्पट जड. मला वाटले तिने चुकून कुणाची तरी दुसरी दिली. घरी येऊन फोन केला.

"एवढा कायले पाठवला?"

"मंग ठेवून का करू?" ती म्हणाली. "बियाण्याचा वाटा हाये त्यात. पेरायच्या कामाचा नाई रायला, तं खाऊन टाका म्हटलं. चाळून घेजो, कणी लय झाली."

तांदूळ चाळला. निम्म्याहून अधिक कणी निघाली. भात लावला तेव्हा वास आला, आईच्या घरातलाच, पण त्याच्या मागे ओल्या पोत्याचा दुसरा एक वास होता, आणि शिजून त्याचा गोळा झाला. मी तो रोज खाल्ला. पिशवी संपायला उन्हाळा उजाडला.